खांबाजवळची जागा

खो-खोच्या सामन्याची बातमी वाचायला सराव लागतो. क्रीडा पानावर क्रिकेटचा मोठा फोटो असतो आणि त्याच्या खाली कुठेतरी, बहुतेक वेळा एकाच स्तंभात, ती बसवलेली असते. त्यात 'एक डाव राखून', 'साडेतीन मिनिटे राखून', 'अलाहिदा डावात' असे शब्द येतात. मग नावांपुढे आकडे लागतात : संरक्षण २.४० मिनिटे आणि १.५० मिनिटे, आक्रमणात तीन गडी. खेळ ठाऊक नसलेला माणूस ही ओळ ओलांडून पुढे जातो. धाराशिवमध्ये मात्र असे लोक भेटतात, ज्यांना एवढ्या आकड्यांतून अख्खा सामना दिसतो. पहिली तुकडी किती टिकली असेल, आक्रमणाची लय कुणी तोडली असेल, शेवटच्या दीड मिनिटासाठी कुणाला राखून ठेवलं असेल, यावर ते चहा थंड होईपर्यंत बोलतात.

बाहेरच्या जगाला हा जिल्हा तुळजाभवानीमुळे ठाऊक आहे, दुष्काळाच्या बातम्यांमुळे ठाऊक आहे, उस्मानाबादी शेळीमुळेही ठाऊक आहे. खो-खोच्या वर्तुळात मात्र धाराशिवचं नाव निघालं की माणसं जरा सावरून बसतात, कारण इथून येणाऱ्या मुलींशी गाठ असते. पुणे, ठाणे, मुंबई अशा मोठ्या ठिकाणच्या संघांसमोर या लहान गावाच्या मुली उभ्या राहतात आणि जिंकतात. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये पुरुष आणि महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच या गावात झाली. तेव्हा सरकारी कागदांवर गावाचं नाव अजून उस्मानाबाद होतं.

या लेखात खेळाडूंबद्दल लिहायचं आहेच, पण पाहणाऱ्यांबद्दल जास्त. देशाचा जीव एका खेळात अडकलेला आणि आपला दुसऱ्याच खेळात, ही अवस्था नेमकी काय असते?

ती समजून घ्यायची तर अमेरिकेतल्या सॉकरच्या चाहत्याकडे पाहावं. सगळं जग ज्याला फुटबॉल म्हणतं, त्याला तिथे ते नावही मिळालं नाही. फुटबॉल हे नाव तिथे लांबट चेंडूच्या, अंगाला अंग भिडवण्याच्या दुसऱ्याच खेळानं घेतलं. 'सॉकर' हा शब्द मूळचा इंग्लंडचा. 'असोसिएशन फुटबॉल'मधल्या पहिल्या शब्दाचं तिथल्या विद्यार्थ्यांनी केलेलं ते आटोपशीर रूप. अमेरिकेत तो टिकला, कारण मूळ नावाची जागा आधीच भरलेली होती.

१९५० साली ब्राझीलमधल्या विश्वचषकात अमेरिकेच्या संघानं बेलो होरिझोंते या शहरात इंग्लंडला १-० असं हरवलं. गोल करणारा जो गेटजेन्स हैतीहून न्यूयॉर्कला शिकायला आलेला तरुण होता आणि खर्च भागवायला हॉटेलात भांडी घासायचा. क्रीडाविश्वातल्या मोठ्या धक्क्यांमध्ये आजही या सामन्याची गणना होते. त्या वेळी तिथे अमेरिकेचा एकच पत्रकार हजर होता, आणि तोही रजा काढून, पदरचे पैसे खर्चून गेला होता. ज्या देशानं सामना जिंकला, त्या देशात त्याची जेमतेम दखल घेतली गेली. खो-खोच्या माणसाला ही गोष्ट सांगितली तर तो 'अरेरे' म्हणणार नाही. तो नुसती मान हलवेल.

पुढे १९७५मध्ये न्यूयॉर्क कॉसमॉस या क्लबनं पेलेला अमेरिकेत आणलं आणि काही वर्षं स्टेडियम भरली. हाच कॉसमॉस संघ पेलेसह २४ सप्टेंबर १९७७ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी खेळला आणि सामना २-२ असा सुटला. भारतात ज्याच्यासाठी कोलकाता लोटलं, त्या संघाची लीग अमेरिकेत १९८४च्या हंगामानंतर बंद पडली. नंतरची अकरा वर्षं तिथे मैदानावरच्या सॉकरची पहिल्या दर्जाची व्यावसायिक लीगच नव्हती. या काळात चाहत्यांनी काय केलं असेल? परदेशातल्या सामन्यांच्या चित्रफिती मिळवल्या, स्थलांतरितांच्या वस्त्यांमधले रविवारचे सामने पाहिले, आठवडाभर जुनी परदेशी वर्तमानपत्रं वाचली. खेळ त्यांनी जिवंत ठेवला तो असा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. अमेरिकेत सॉकर खेळणारे कधी कमी नव्हते. शाळकरी वयात लाखो मुलं-मुली तो खेळतात. शनिवारी सकाळी गुडघ्यापर्यंत मोजे चढवलेली मुलं गाडीत घालून मैदानावर नेणाऱ्या आयांवरून 'सॉकर मॉम' असा शब्दच तिथे रूढ झाला आणि १९९६च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तो मतदारांच्या एका गटाचं नाव बनला. तिथे राहणाऱ्या मराठी घरांतली मुलंही याच मैदानांवर वाढली, बाप क्रिकेटच्या स्कोअरसाठी पहाटे उठत असला तरी. प्रश्न पुढचा होता. ही मुलं मोठी झाली की पाहायला बसायची ती बेसबॉल, बास्केटबॉल आणि तिथला फुटबॉल. सॉकर म्हणजे लहानपणी खेळून सोडून द्यायचा खेळ, असंच मानलं जायचं.

खो-खोची अवस्था वेगळी आहे का? महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या कोणत्याही माणसाला विचारा. खेळाच्या तासाला पाठ वाकवून, उकिडवं बसून, पाठीवर थाप पडण्याची वाट त्यानं पाहिलेली असते. आपल्या बोलण्यातसुद्धा हा खेळ शिरला आहे. एखादं काम अडलं की त्याला 'खो बसतो', आणि जबाबदारी ढकलणारी दोन कार्यालयं एकमेकांना 'खो देतात'. ज्या खेळानं भाषेला शब्द पुरवले, त्याचा सामना पाहायला त्या भाषेतली किती माणसं जातात? खेळलेले सगळे आहेत, पाहणारे मूठभर. मला वाटतं, खो-खोची खरी अडचण हीच आहे. लहानपणी खेळल्यामुळे प्रत्येकाला वाटतं की हा खेळ आपल्याला कळला आहे, आणि जो कळला आहे तो बसून कशाला पाहायचा?

पण वरच्या दर्जाचा खो-खो तुम्ही शाळेत खेळलेला खो-खो नाही. तो पाहायचा कसा, हे थोडं सविस्तर सांगतो.

मैदान साधारण २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब, जमिनीपासून सुमारे १२० सेंटिमीटर उंच. खांबांना जोडणारी अरुंद मधली पाटी आणि तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या. जिथे त्या छेदतात त्या आठ चौकटींत आक्रमण करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू बसतात, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा उभा असतो. समोरच्या संघाचे तीन खेळाडू मैदानात उतरतात, ही एक तुकडी. ते तिघे बाद झाले की लगेच पुढचे तिघे. मोठ्यांच्या पारंपरिक सामन्यात एक पाळी नऊ मिनिटांची. प्रत्येक संघाला दोन वेळा आक्रमण आणि दोन वेळा संरक्षण.

आता यातली मेख अशी की पळणारा पूर्ण मोकळा आणि पकडणारा पूर्ण बांधलेला. पळणारा बसलेल्या दोन खेळाडूंच्या मधून या बाजूचा त्या बाजूला जाऊ शकतो, थांबू शकतो, उलटा फिरू शकतो. पकडणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत ती बदलता येत नाही. म्हणजे एकट्यानं पाठलाग करून चपळ खेळाडू हाती लागणं जवळजवळ अशक्य. त्याच्या हातात एकच उपाय असतो. बसलेल्या साथीदाराच्या मागून जाऊन पाठीला हात लावायचा, त्याच क्षणी तोंडानं 'खो' म्हणायचं, आणि त्याची जागा घेऊन आपण खाली बसायचं. आता पाठलाग नव्या दमानं, नव्या दिशेनं सुरू होतो. हे सगळं सेकंदाच्या आत घडतं. हात लागण्याआधी शब्द निघाला, पाऊल पाटीच्या पुढे गेलं, दिशा चुकली, की पंचांची शिट्टी वाजते आणि हाताशी आलेला गडी निसटतो.

म्हणून चांगला आक्रमक समोरच्या खेळाडूच्या मागे धावत नाही, तो त्याला हवं तिथे धावायला लावतो. एका बाजूला दाबत, खो देत देत, पळणाऱ्याला खांबाकडे ढकलत नेलं जातं. खांबापाशी पकडणाऱ्याचं एक बंधन सुटतं, तिथे त्याला वळता येतं. तिथेच तो एका हातानं खांब धरून सगळं अंग बाहेर झोकून देतो आणि पलीकडून वळणाऱ्याला गाठतो. मधल्या पाट्यांवर हेच काम सूर मारून होतं. पळणाऱ्याची बाजूही तितकीच विचाराची आहे. एकामागून एक ठरावीक अंतरानं साखळी विणत जाणं, खो पडायच्या आधी बसलेल्याच्या खांद्याची हालचाल ओळखणं, शेवटच्या क्षणी हुलकावणी देऊन त्याला चुकीच्या बाजूला उठवणं. वरच्या पातळीवर आठ चतुर बसलेल्या आणि एका धावणाऱ्या मुलीपासून अडीच मिनिटं निसटत राहणं म्हणजे काय, हे मैदानाच्या कडेला बसल्याशिवाय कळत नाही. बातमीतल्या '२.४० मिनिटे'मागे एवढं सगळं असतं.

या खेळाला नियमांत बांधायचं काम महाराष्ट्रात झालं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पहिली नियमावली केली, बडोद्यातही असे प्रयत्न झाले. १९५९-६०मध्ये विजयवाड्याला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली, आणि त्यानंतरच्या वर्षी कोल्हापूरला महिलांची. १९७०मध्ये सुधीर परब हे अर्जुन पुरस्कार मिळवणारे पहिले खो-खोपटू ठरले. राष्ट्रीय स्पर्धांमधल्या सर्वोत्तम खेळाडूंना जे पुरस्कार दिले जातात, त्यांची नावं मला फार आवडतात. पुरुषांना एकलव्य, महिलांना राणी लक्ष्मीबाई, कुमारांना वीर अभिमन्यू, कुमारींना जानकी, त्याहून लहान मुलांना भरत आणि मुलींना इला. नऊ जणांनी घेरलेल्या मैदानात एकट्यानं तग धरणाऱ्या मुलाला अभिमन्यूचं नाव द्यावं, हे सुचणाऱ्यानं खेळ मनापासून पाहिला होता.

धाराशिवकडे वळायचं तर सारिका काळे यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते. घरची परिस्थिती अतिशय बेताची. वडिलांच्या अपंगत्वामुळे घर आई आणि आजी-आजोबांच्या कमाईवर चालायचं. दहाएक वर्षं दिवसाला एकच वेळचं जेवण मिळायचं आणि त्यावर आपण खेळत होतो, चांगलं खायला मिळायचं ते सराव शिबिरात किंवा स्पर्धेला गेल्यावर, असं त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलं आहे. नऊ मिनिटांच्या पाळीत सतत वाकणं, उठणं, धावणं आणि पुन्हा बसणं हे एका जेवणावर करायचं म्हणजे काय, याचा विचार केला तरी पोटात कालवतं. एका टप्प्यावर पैशाच्या ओढगस्तीपायी त्यांनी खेळ सोडायचं ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत काढली आणि त्या मैदानावर परतल्या. २०१६च्या फेब्रुवारीत दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये खो-खोचा पहिल्यांदाच समावेश झाला. सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार सारिका काळे होत्या.

२०२०मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याआधी खो-खोत हा पुरस्कार १९९८ साली शोभा नारायण यांना मिळाला होता. मधली बावीस वर्षं या खेळाला अर्जुन पुरस्कार नव्हता, आणि तो खंड संपवला धाराशिवच्या मुलीनं. तेव्हा त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होत्या. करोनामुळे तो समारंभ दूरदृश्य पद्धतीनं झाला. राष्ट्रपती भवनातल्या टाळ्यांची त्यांची वेळ हुकली, याची खंत मला आजही वाटते.

धाराशिवला हे का जमलं? मला दिसतं ते असं. खो-खोला दोन खांब, चुना आणि सपाट माती एवढंच लागतं. बॅट नको, पॅड नको, पावसावर अवलंबून असलेल्या घराला परवडणार नाही असं काहीच नको. शाळेच्या आवारात मैदान आखता येतं आणि शाळा सुटल्यावर रोज दोन तास थांबणारा प्रशिक्षक असेल तर बाकीचं मुली करतात. दुसरं कारण असं की इथे एका मोठ्या मुलीमागे लहान मुलींची रांग लागली. घराशेजारची ताई महाराष्ट्राच्या संघातून खेळून येते, तिला खेळाच्या कोट्यातून नोकरी लागते, हे पाहिलं की आईवडील मुलीला संध्याकाळच्या सरावाला पाठवतात. खेळानं घराला काय दिलं, हे गल्लीत डोळ्यांनी दिसत होतं. अश्विनी शिंदे याच मातीतून आल्या आणि २०२५च्या विश्वविजेत्या भारतीय संघात खेळल्या.

अमेरिकेच्या सॉकरचा इतिहास वाचताना याच ठिकाणी मी थबकलो. तिथेही या खेळाची मान ताठ केली ती मुलींनी. १९७२ साली अमेरिकेत 'टायटल नाइन' नावानं ओळखला जाणारा कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी आहे म्हणून कुणाला मागे ठेवता येणार नाही, एवढंच तो सांगतो. पण त्याच्या जोरावर शाळा-महाविद्यालयांना मुलींचे संघ उभे करावे लागले, आणि सॉकरमध्ये ते झपाट्यानं वाढले. १९९१मध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला आणि तो अमेरिकेनं जिंकला. नंतर १९९९, २०१५ आणि २०१९ मध्येही. १९९९चा अंतिम सामना कॅलिफोर्नियातल्या रोझ बोल स्टेडियममध्ये ९०,१८५ प्रेक्षकांनी पाहिला. चीनविरुद्ध पेनल्टींवर निकाल लागला आणि ब्रँडी चॅस्टेननं मारलेला शेवटचा फटका त्या देशातल्या मुलींच्या एका पिढीच्या डोळ्यांसमोर कायमचा राहिला. अमेरिकेच्या पुरुष संघाला विश्वचषक अजून जिंकता आलेला नाही.

एवढं करूनही त्या मुलींची व्यावसायिक लीग टिकता टिकत नव्हती. २००१मध्ये सुरू झालेली पहिली लीग तीन हंगामांत बंद पडली. २००९ची दुसरीही तेवढीच चालली. २०१३मध्ये सुरू झालेली तिसरी टिकली. मानधनातल्या फरकाविरुद्ध खेळाडूंना आपल्याच महासंघाला न्यायालयात खेचावं लागलं आणि २०२२मध्ये तडजोड होऊन समान मोबदल्याची हमी मिळाली. जिंकणं पुरेसं नसतं, हे त्यांनी विश्वचषक हातात असताना अनुभवलं.

आमच्याकडे २०२२च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या बालेवाडीत 'अल्टिमेट खो-खो' लीग सुरू झाली. सहा संघ, झगमगता प्रकाश, दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण. पहिल्या हंगामाच्या अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सनं तेलुगू योद्धासला ४६-४५ असं एका गुणानं हरवलं. दुसरा हंगाम कटकमध्ये झाला आणि गुजरात जायंट्सनं जिंकला. ज्या खेळाडूंची नावं आम्ही स्तंभाच्या तळाशी शोधायचो, ती मोठ्या पडद्यावर आली, त्यांच्या पाठीवर क्रमांक आले, सूर मारतानाचं दृश्य संथ गतीनं पुन्हा पुन्हा दिसू लागलं. आनंद झालाच. पण हे दोन्ही हंगाम पुरुषांचेच होते. ज्या गावानं मुलींच्या जोरावर नाव कमावलं, त्या गावातल्या मुली घरात बसून टीव्ही पाहत होत्या. ही उणीव भरून निघत नाही तोवर लीगचं काम अर्धं झालं असंच मी म्हणेन.

लीगनं नियमही बदलले. पाळी लहान केली, सूर मारून किंवा खांबावरून बाद केल्यास जास्त गुण दिले, ठरावीक वेळेपेक्षा जास्त तग धरणाऱ्या तुकडीलाही गुण दिले, आणि 'वजीर' आणला. वजीर म्हणजे असा आक्रमक, ज्याला दिशेचं बंधन नाही. यावर आमच्याकडे जुने खेळाडू आणि नवे प्रेक्षक यांच्यात कडाक्याचे वाद होतात. माझं मत सांगतो. सूर मारण्याला आणि तग धरण्याला जास्त गुण देणं योग्यच, कारण त्यामुळे नवख्या प्रेक्षकाला अवघड काय आहे ते कळतं. वजीर मात्र मला खटकतो. पकडणारा बांधलेला आहे म्हणून तर खो द्यावा लागतो. ते बंधन सैल झालं की खो-खोतला खो पातळ होतो.

अमेरिकेत अगदी हेच घडून गेलं आहे. १९९४चा पुरुषांचा विश्वचषक अमेरिकेला मिळाला तो पहिल्या दर्जाची लीग सुरू करण्याचं आश्वासन देऊन. त्या विश्वचषकाला सुमारे ३६ लाख प्रेक्षक स्टेडियममध्ये आले. आश्वासनाप्रमाणे १९९६मध्ये 'मेजर लीग सॉकर' दहा संघांनिशी सुरू झाली. अमेरिकन माणसाला बरोबरी आवडत नाही, असं मानून बरोबरीतला सामना सोडवायला ३५ यार्डांवरून एकट्यानं चेंडू घेऊन गोलरक्षकावर धावून जायची पद्धत आणली. घड्याळ शून्याकडे उलटं चालवलं. नवे लोक त्यानं फारसे आले नाहीत आणि जुने चाहते मात्र दुखावले. १९९९च्या हंगामानंतर या दोन्ही गोष्टी काढून टाकल्या आणि जगभर खेळतात तसाच खेळ ठेवला. तरी वाईट दिवस लगेच संपले नाहीत. २००१च्या हंगामानंतर फ्लोरिडातले दोन संघ बंद करावे लागले. आज त्याच लीगमध्ये ३० संघ आहेत.

या वाटचालीत मालकांचा पैसा होता, नवी स्टेडियम होती, शेवटी २०२३मध्ये मेस्सीही मायामीत खेळायला आला. पण त्याच्या कितीतरी आधी चाहत्यांनी स्वतःला बांधून घेतलं होतं. २००७ साली नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात 'अमेरिकन आउटलॉज' ही चाहत्यांची संघटना स्थापन झाली. नेब्रास्का म्हणजे मक्याची शेतं आणि गुरांचे कळप, सॉकरच्या नकाशावर कुठेच नसलेलं राज्य. तिथल्या चाहत्यांनी ठरवलं की राष्ट्रीय संघाच्या सामन्याला एकत्र जायचं आणि गावोगावी एकत्र बसून सामना पाहायचा. पुढे शहराशहरांत तिच्या शाखा निघाल्या. क्लबांचे कट्टर चाहते स्टेडियममध्ये गोलखांबाच्या मागचा भाग घेतात आणि नव्वद मिनिटं उभ्यानं गातात. तिथून सगळं मैदान नीट दिसत नाही, तरी त्या जागेसाठी ते आधीपासून येऊन थांबतात.

असा बांधलेला चाहता आपल्याकडेही आहे, फक्त तो कोल्हापूरच्या फुटबॉलला आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठांच्या पेठा रिकाम्या होतात. क्रिकेटच्या देशात फुटबॉलवर जीव टाकणारं ते गाव आहे आणि तिथला चाहता कुणाच्या परवानगीची वाट पाहत नाही. खो-खोला अजून अशी पेठ मिळालेली नाही. धाराशिवकडे ती होण्यासारखं सगळं आहे : खेळाडू आहेत, प्रशिक्षक आहेत, जाणते प्रेक्षकही आहेत. ते अजून एकत्र बसत नाहीत, एवढंच.

२०२५च्या १३ ते १९ जानेवारीला दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारतीय पुरुषांनी ब्राझीलला ६४-३४ असं हरवलं. फुटबॉलच्या माणसाला हे वाक्य दोनदा वाचावं लागेल, खो-खोच्या माणसानं ते दोनदा वाचलं ते आनंदानं. पुरुष गटात अमेरिकेचाही संघ उतरला होता. सॉकरला स्वतःच्या घरात जागा मिळवायला ज्या देशात इतकी वर्षं लागली, तिथून काही जण आपल्या मातीतला खेळ शिकून दिल्लीला आले होते. महिलांनी पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असं नमवलं, आणि अंतिम फेरीत नेपाळला ७८-४०. पुरुषांनीही नेपाळलाच ५४-३६ असं हरवून चषक घेतला. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. राज्य सरकारनं महाराष्ट्राच्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले. एक वेळच्या जेवणावर खेळलेल्या पिढीच्या डोळ्यांदेखत हे घडलं, याचं मोल मला रकमेहून जास्त वाटतं.

१७५-१८ हा निकाल अभिमानाचा आहे, तसाच काळजीचाही. समोरचे संघ तोडीचे व्हायला वेळ लागेल. तोवर खरा चुरशीचा खो-खो पाहायचा तर तो तुमच्या जिल्ह्यातच पाहायला मिळतो, राज्य अजिंक्यपद स्पर्धेत, आंतरशालेय स्पर्धेत. तिथे तिकीट नसतं, आणि बहुतेक ठिकाणी खुर्चीही नसते.

म्हणून वाचकाला एक विनंती आहे. पावसाळा सरत आला की तालुक्या-तालुक्यांत शालेय स्पर्धा सुरू होतात. एखाद्या दिवशी घरातल्या मुलीला घेऊन जा. मैदानाच्या मधोमध उभे राहू नका, खांबाच्या जवळ, रेषेपासून दोन हात मागे जमिनीवर बसा. मोबाइलमधलं घड्याळ उघडा आणि पळणाऱ्या एका मुलीवर लावा. ती बाद झाली की बंद करा. सामना संपल्यावर तिला गाठा आणि तिची वेळ तिला सांगा.